संग्रहातला एक कागद आणि चौथीचा वर्ग : स्थानिक इतिहासाची साधने प्रकल्पात कशी आणावीत?

पाटीपेन्सिल

प्राथमिक शाळेत शिकवू लागल्यापासून दरवर्षी निदान एक प्रकल्प परिसराच्या इतिहासावर घ्यायचा, असा माझा नेम आहे. शाळेपासून जवळच एक छोटा संग्रह आहे. जुने हजेरीपट, छायाचित्रे, नकाशे, अवजारे, काही घरगुती पत्रव्यवहार असे तिथे बरेच काही जपून ठेवलेले आहे, आणि तिथली माणसे शाळांना मनापासून मदत करतात. म्हणजे साधनांची किंवा सदिच्छेची उणीव नाही. तरीही गेल्या वर्षीचा प्रकल्प फसला, असे मला आता प्रामाणिकपणे म्हणावे लागते.

झाले ते असे. ‘आपला परिसर : काल आणि आज’ असा विषय ठरवला, पाठांची आखणी केली आणि त्या आखणीत एक दिवस संग्रहाच्या भेटीसाठी ठेवला. चाळीस मुले, एक तास आणि प्रत्येकाच्या हातात वीस रिकाम्या जागांची प्रश्नपत्रिका. मुलांनी वस्तूंकडे फारसे पाहिलेच नाही. वस्तूंखालच्या चिठ्ठ्या वाचून त्यांनी भराभर रिकाम्या जागा भरल्या, आणि ज्याच्या आधी भरून झाल्या तो दाराशी जाऊन उभा राहिला. परत आल्यावर आम्ही कोरे कागद चहाच्या पाण्यात बुडवून, वाळवून ‘जुनी पत्रे’ तयार केली आणि भिंतीवर लावली. पालकांनी कौतुक केले. प्रकल्प संपला.

त्या तासात एका मुलीने काचेवर बोट ठेवून विचारले होते, “बाई, या हजेरीपटात एका मुलाचे नाव महिन्याच्या मधेच लाल शाईने खोडले आहे. तो कुठे गेला?” मी घड्याळाकडे पाहिले आणि “नंतर सांगते” म्हणाले. ते ‘नंतर’ आलेच नाही. आता नव्या वर्षाची आखणी करायला बसले आहे आणि तोच प्रश्न पुनःपुन्हा समोर येतो आहे. संग्रहातल्या वस्तू प्रकल्पाला शोभा म्हणून न येता प्रकल्पच त्यांच्यातून उगवावा, यासाठी तुम्ही काय केले आहे, किंवा काय करून पाहावे असे तुम्हाला वाटते? लेखनकौशल्याच्या किंवा गणिताच्या अपेक्षा मला सोडता येणार नाहीत, हेही लक्षात घ्यावे.

दप्तरखाना

बाई, तुमच्या विद्यार्थिनीने तुम्हाला पुढच्या वर्षीचा प्रकल्प आयता दिलेला आहे.

अभिलेखागारात माझी बरीच वर्षे गेली, आणि शाळांकडून येणाऱ्या विनंत्यांचा एक ठरावीक साचा मी पाहत आलो. शिक्षक विषय आधी ठरवतात आणि मग विचारतात, “या विषयावर तुमच्याकडे काय आहे?” आम्हीही उत्साहाच्या भरात साठ वस्तू मांडतो. साठ वस्तू म्हणजे मुलांच्या दृष्टीने जत्रा. मुले जत्रेत फिरतात तशीच तिथे फिरतात, आणि त्यात त्यांचा काहीच दोष नसतो. याउलट जे शिक्षक आधी एकटे येऊन दोन तास बसले, कागद चाळले आणि “मला हे एकच पान हवे” म्हणाले, त्यांच्या वर्गातली मुले पुढे महिनाभर प्रश्न पाठवत राहिली. तेव्हा माझे पहिले सांगणे हे की विषय ठरवण्याआधी संग्रहात जावे आणि ज्या पानाशी तुम्ही स्वतः अडखळाल ते पान उचलावे.

हजेरीपट हे साधन फार समृद्ध आहे, मात्र ते एकटे बोलत नाही. त्याला दुसऱ्या कागदाशी भिडवावे लागते. इंग्लंडमधले एक उदाहरण देतो, कारण तिथली अशी कागदपत्रे मोठ्या प्रमाणावर टिकली आहेत आणि शिक्षक ती सर्रास वापरतात. १८६२ च्या सुधारित शिक्षणसंहितेने तिथल्या अनुदानित शाळांचे अनुदान मुलांच्या हजेरीशी आणि वाचन, लेखन व अंकगणिताच्या परीक्षेशी जोडले. मुख्याध्यापकांना शाळेची रोजनिशी ठेवणे बंधनकारक झाले, आणि त्या रोजनिशीत सर्वसाधारण स्वरूपाची मते किंवा चिंतन लिहू नये, फक्त घडलेल्या गोष्टी नोंदवाव्यात, असा स्पष्ट नियम होता. आता गंमत पाहा. हजेरी घटली की पैसे घटणार, म्हणून मुख्याध्यापक हजेरी का घटली याची कारणे आवर्जून लिहितात : सुगी आहे, गोवराची साथ आहे, पाऊस फार आहे, मुलांच्या पायांत जोडे नाहीत. मते लिहायची नाहीत, तरी वाक्यावाक्यातून कातावलेपण पाझरते. हजेरीपटातला एक रिकामा चौकोन आणि रोजनिशीतली त्या आठवड्याची एक ओळ मुलांसमोर शेजारीशेजारी ठेवली की काय होते, ते प्रत्यक्ष पाहावे. रिकाम्या चौकोनाला एकाएकी चेहरा येतो. त्यापुढचा प्रश्न थोडा कठीण, पण चौथीतल्या मुलालाही झेपणारा आहे : हे लिहिणाऱ्याला असे लिहिण्यात काय फायदा होता? साधन कोणी, कोणासाठी आणि कोणत्या गरजेने निर्माण केले, ही इतिहासाच्या अभ्यासातली मूळ कसोटी इतक्या साध्या मार्गाने वर्गात शिरते.

हाताळणीविषयी थोडे. मुलांच्या हातात मूळ कागद देण्याचा हट्ट धरू नये. चांगली, मूळ आकाराची रंगीत प्रत पुरते. मूळ कागद शेवटी एकदाच, ओळखीच्या माणसाला भेटावे तसा दाखवावा. मूळ कागद हाताळायची वेळ आलीच, तर पांढऱ्या हातमोज्यांचा सोहळा नको. कागदासाठी स्वच्छ, कोरडे हात अधिक सुरक्षित असतात, कारण हातमोज्यात बोटांची जाण बोथट होते आणि कडा फाटतात. हातमोजे छायाचित्रांसाठी आणि धातूच्या वस्तूंसाठी राखावेत. पेन नाही, फक्त पेन्सिल. ती बंधने का आहेत हे मुलांना सांगितले की मुले ती मोठ्यांपेक्षा काटेकोर पाळतात. वस्तूंच्या बाबतीत आणखी एक वाट आहे : अनेक संग्रहालये शाळांना वस्तूंच्या पेट्या उसन्या देतात. इंग्लंडमधल्या रेडिंगच्या संग्रहालयाचा हा उपक्रम १९११ पासून चालू आहे. तुमच्या संग्रहात अशी पद्धत नसेल तर एखादी पेटी तयार करण्याविषयी विचारून पाहावे. तासाभराच्या भेटीपेक्षा पंधरा दिवस वर्गात राहिलेली एकच वस्तू जास्त शिकवते.

शंकासुर

चर्चा गोड चालली आहे, म्हणून थोडे मीठ टाकतो.

प्रकल्पाधारित शिक्षणाचे गोडवे पूर्वीही गायले गेले आहेत. इंग्लंडमध्ये १९६७ च्या प्लाउडेन समितीच्या अहवालानंतर प्राथमिक शाळांतून एका विषयाभोवती सगळे शिक्षण गुंफण्याच्या पद्धतीला जोर चढला. पाव शतकाने, १९९२ मध्ये, तिथल्याच तीन तज्ज्ञांनी सरकारसाठी लिहिलेल्या चर्चापत्रात असे परखडपणे नोंदवले की या पद्धतीतून बरेचदा तुटक आणि वरवरचे शिक्षण होते. ‘पाणी’ हा विषय घेतला की पाण्याची कविता, पाण्याचे चित्र, पाण्याचे गणित. सगळीकडे पाणी, पण कुठेच खोली नाही. स्थानिक इतिहासाचे तेच होणार नाही कशावरून? हजेरीपट घेऊन हजेरीची बेरीज, हजेरीचे चित्र, हजेरीवर कविता!

दुसरे म्हणजे, आठ-नऊ वर्षांच्या मुलांना शंभर वर्षे आणि पाचशे वर्षे यांतला फरक नीट कळत नाही. जुनी हस्ताक्षरे मोठ्यांना लागत नाहीत, ती मुलांना कशी लागणार? आणि शिक्षकाने एकटे जाऊन दोन तास कागद चाळावेत हे ऐकायला छान आहे, परंतु ते दोन तास त्याच्या वेळापत्रकात कुठे आहेत?

पडवी

शंकासुर, तुमचे मीठ रास्त आहे. पाण्याच्या कवितेचा उल्लेख तर जिव्हारी लागला, कारण मी ती मुलांकडून लिहवून घेतलेली आहे.

मला असे वाटते की तुम्ही म्हणता तो वरवरपणा विषयातून येत नाही, तर क्रमातून येतो. विषय आधी आणि कृती नंतर, असा क्रम लावला की प्रत्येक कृती ओढूनताणून विषयाला चिकटवावी लागते. प्रश्न आधी आला, तर कोणते कौशल्य लागणार हे प्रश्नच ठरवतो, आणि जे लागत नाही ते निमूटपणे बाहेर राहते. हजेरीवर कविता लिहिण्याची गरज नसेल तर ती लिहू नये, एवढे धैर्य शिक्षकाकडे हवे.

गणिताचे एक उदाहरण देते. ब्रिटनमधल्या १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील माणसांची वये खालच्या पाचाच्या पटीत लिहावीत, अशी सूचना प्रगणकांना होती. १८५१ मध्ये मात्र खरे वय नोंदवायचे होते. आता कल्पना करा की एखादा माणूस १८४१ च्या पानावर पस्तीस वर्षांचा आहे आणि १८५१ च्या पानावर अठ्ठेचाळीस वर्षांचा. दहा वर्षांत तो तेरा वर्षांनी कसा वाढला? मुले आधी म्हणतात की लिहिणारा चुकला. मग कोणीतरी म्हणते की हा दुसराच माणूस असेल. मग तुम्ही त्यांना पहिल्या पानावरची आणखी वीस वये वाचायला लावता, आणि तीस, पस्तीस, चाळीस, पन्नास असेच आकडे का येतात ही शंका त्यांच्यापैकीच एकाला येते. पाचाची पट हा धडा त्या दिवशी वेगळा शिकवावा लागत नाही. वाचन, गणित आणि पुराव्याची पारख एकाच अर्ध्या तासात घडते, आणि तिन्हींची तिथे खरोखर गरज असते.

वस्तूंच्या बाबतीतही तसेच. जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागोत प्रयोगशाळा म्हणून एक शाळा सुरू केली. तिथली मुले लोकर आणि कापूस हाताने निवडून पाहत. अर्धा तास सरकी काढूनही मुलांच्या हाती एक औंससुद्धा कापूस लागला नाही, असे ड्यूईंनी स्वतः पाहून नोंदवले आहे. लोकरीचा वापर सुती कापडाआधी का वाढला असावा, याचे एक उत्तर त्या मुलांच्या दुखऱ्या बोटांनी दिले. संग्रहातले अवजार काचेमागे ठेवून त्याचे नाव पाठ करून घेणे आणि त्या अवजारावाचून तेच काम करून पाहणे, यांत केवढे अंतर आहे!

हस्ताक्षराचा प्रश्न खरा आहे, पण त्यातून वाट निघते. पूर्ण पान वाचायचे नाही. ओळखीचे एक अक्षर शोधायचे, मग तेच अक्षर पानभर कुठेकुठे आहे ते खुणावायचे, मग एक शब्द, आणि त्यानंतर शिक्षकाने लिप्यंतर द्यायचे. मुलांना हे कोड्यासारखे वाटते. लिप्यंतर आधीच हातात दिले की मूळ कागदाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

काळाच्या जाणिवेबाबत मी तुमच्याशी अर्धीच सहमत आहे. ‘एकशे दहा वर्षांपूर्वी’ हा आकडा मुलांना पोकळ वाटतो. ‘आजीच्या आजीच्या शाळेत’ म्हटले की त्यात माणूस येतो. वर्गात दोरी बांधून तिच्यावर एकेक पिढी चिमट्याने अडकवावी आणि संग्रहातला कागद त्या दोरीवर कुठे बसतो ते मुलांनाच ठरवू द्यावे. चुकीच्या जागी बसवला तर लगेच दुरुस्त करू नये. पुढचा कागद आला की बहुधा तेच दुरुस्त करतात.

नकाशावेडा

जुन्या नकाशांचा उल्लेख अजून कोणी नीट केला नाही, म्हणून राहवले नाही.

मुलांसाठी मला सर्वांत आवडते ते आगीच्या विम्यासाठी काढलेले नकाशे. अमेरिकेत १८६७ मध्ये सुरू झालेल्या सॅनबॉर्न कंपनीने सुमारे बारा हजार गावांचे आणि शहरांचे असे नकाशे तयार केले. इमारत जळण्याचा धोका किती, हे विमा कंपनीला घरबसल्या कळावे हा त्यामागचा हेतू. त्यामुळे विटांची इमारत गुलाबी, लाकडाची पिवळी, दगडाची निळी, असे रंग ठरलेले असत. खिडक्या, मजले, तबेले, पाण्याचे नळ सगळे टिपलेले असे. प्रमाणही मोठे, एका इंचाला पन्नास फूट. शिवाय इमारत बदलली की सारा नकाशा नव्याने न छापता नव्या इमारतीच्या आकाराचा कागदाचा तुकडा जुन्यावर चिकटवत. म्हणजे ज्या प्रतीवर चिकटवलेल्या तुकड्यांची गर्दी आहे, त्या भागात बदलही भराभर झालेला आहे. हे मुलांना बोटाने चाचपून कळते, आणि ‘बदल’ या अमूर्त कल्पनेला जाडी येते.

असे नकाशे सगळीकडे नाहीत, हे खरे. पण युक्ती उसनी घेता येते. जुन्या नकाशाची मोठी प्रत घ्यावी, तिच्यावर पारदर्शक कागद ठेवून आजच्या गोष्टी मुलांनीच काढाव्यात, आणि मग तो कागद घेऊन शाळेच्या आसपास चालावे. रस्ता विनाकारण वळतो असे वाटले की खाली पाहावे : तिथे कधीकाळी ओढा होता, कोणाची तरी भिंत होती, नाहीतर शेताची कड होती. माझा अनुभव असा की मुले इमारतींपेक्षा वळणांवर जास्त वेळ घालवतात. नकाशा कोणत्या हेतूने काढला होता, हा प्रश्न इथेही विचारावा. विम्याच्या नकाशात घर कशाचे आहे ते कळते, त्यात राहणारा कोण ते कळत नाही.

दोन_ओळी

कृपा करून ‘घरातली सर्वांत जुनी वस्तू आणा’ आणि ‘वंशवृक्ष काढा’ हे उद्योग तेवढे टाळावेत. दत्तक आलेले मूल, वारंवार घर बदलावे लागलेले मूल, ज्याच्या घरून काहीच सोबत आणता आले नाही असे मूल वर्गात असते, आणि त्या दिवशी ते गैरहजर राहते. संग्रहातला एक सामायिक कागद सगळ्यांचा सारखाच असतो, हा त्याचा न बोलला जाणारा मोठा फायदा आहे.

दप्तरखाना

‘दोन_ओळीं’नी दोन ओळींत फार मोलाचे सांगितले. त्याला जोडूनच, संग्रहात जे नाही त्याविषयीही मुलांशी बोलायला हवे.

याची सुरुवात मी एका प्रसिद्ध छायाचित्राने करतो. १८३८ मध्ये लुई दागेर यांनी पॅरिसमधल्या एका रस्त्याचे छायाचित्र घेतले. रस्ता वर्दळीचा, पण चित्रात जवळजवळ ओसाड. एका कोपऱ्यात जोड्यांना पॉलिश करून घेत उभा असलेला माणूस तेवढा दिसतो. “बाकीची माणसे कुठे गेली?” असे विचारून मी गप्प बसतो. सकाळ असेल, सुट्टी असेल, लोक घाबरून पळाले असतील, अशी उत्तरे येतात. मग सांगतो की प्रतिमा उमटायला काही मिनिटे लागत. जे चालत होते, गाड्या हाकत होते, ते उमटलेच नाहीत. जो एका जागी थांबला तोच दिसला. त्यानंतर मुलांना आपल्याच संग्रहातल्या कागदांकडे पाहायला सांगावे. कोण थांबला म्हणून दिसतो आहे? घर असलेला, जमीन असलेला, सही करता येणारा, वर्गणी भरणारा. आणि कोण चालत राहिले? कामासाठी हिंडणारे, दुसऱ्याच्या घरी राबणारे, शाळेत नाव घालायला कोणी नसलेले. मुले हे मोठ्यांपेक्षा पटकन पकडतात, कारण ‘आपले नाव यादीत नाही’ म्हणजे काय, ते त्यांना चांगले ठाऊक असते.

कधी कधी मात्र माणसे स्वतःहून लपतात. १९११ मधल्या ब्रिटिश जनगणनेवर मतदानाचा हक्क मागणाऱ्या काही स्त्रियांनी बहिष्कार टाकला होता. २ एप्रिलच्या त्या रात्री एमिली डेव्हिसन संसदेच्या इमारतीतल्या एका कपाटात लपून राहिल्या. गंमत अशी की त्यांची नोंद त्या इमारतीच्या पत्त्यावरही झाली आणि त्यांच्या बिऱ्हाडाच्या पत्त्यावरही. जिला मोजून घ्यायचे नव्हते, ती दोनदा मोजली गेली! सरकारी कागद म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, हे मुलांना पटवायला याहून चांगली गोष्ट मला सापडलेली नाही.

शंकासुर

छायाचित्राचे उदाहरण आवडले. १९९२ चा आक्षेप मी पूर्ण मागे घेत नाही, परंतु ‘पडवीं’नी सांगितलेला क्रमाचा मुद्दा मान्य करतो. एक शंका उरते. प्रकल्पाच्या शेवटी काय? भिंतीवर चहाचे कागद नकोत, हे ठरले. मग मुलांनी काढलेल्या निष्कर्षांना शिक्षकाच्या लाल खुणेपलीकडे काही वाचक असतो का?

पडवी

असतो, आणि तो संग्रहच असू शकतो. मुलांनी संग्रहातून घ्यायचे तसे संग्रहाला द्यायचेही.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आयर्लंडचे. १९३७ ते १९३९ या काळात तिथल्या लोकसाहित्य आयोगाने प्राथमिक शाळांना हाताशी धरले. सुमारे पाच हजार शाळांतल्या पन्नास हजारांहून अधिक मुलांनी घरातल्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारून स्थानिक इतिहास, जुने अवशेष, खेळ, हस्तोद्योग, औषधोपचार, गोष्टी असे सारे वह्यांत उतरवले. मुले बहुतेक अकरा ते चौदा वर्षांची होती. त्यातून सुमारे सात लाख चाळीस हजार पानांचा संग्रह उभा राहिला, आणि तो आज इंटरनेटवर कोणालाही वाचता येतो. मुलांच्या वळणदार, काळजीपूर्वक काढलेल्या अक्षरांत एखादी म्हातारी बोलते आहे असे ती पाने वाचताना वाटते. तिथे मुलांच्या लेखनाला वाचक होता, आणि आपण विचारले नाही तर हे कोणीच लिहिणार नाही याची त्यांना थोडीफार जाणीवही असावी.

त्याआधी फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने वेगळी वाट काढली होती. पहिल्या महायुद्धातल्या जखमेमुळे त्यांना फार वेळ बोलून शिकवणे जड जाई. ते मुलांना घेऊन गावात फिरत, कारागिरांना पाहत, आणि परतल्यावर मुलांनी रचलेला मजकूर १९२४ पासून वर्गातल्याच छोट्या छापखान्यात मुलांकडून छापून घेत. ही पाने दूरच्या दुसऱ्या शाळेला जात आणि तिकडची इकडे येत. अनोळखी वाचकाला आपले गाव समजावून सांगायचे म्हटले की मुलाला आपोआप जास्त नेमके लिहावे लागते. पाटीपेन्सिल, लेखनकौशल्याची तुमची अपेक्षा इथे पुरी होते, असे मला वाटते.

आणि एक सावधगिरी. ब्रिटनमध्ये १०८६ च्या ‘डोम्सडे’ या जमीन-मालमत्तेच्या महानोंदीला नऊशे वर्षे झाली तेव्हा, १९८६ मध्ये, बीबीसीने देशभरच्या शाळांकडून आणि नागरिकांकडून आपापल्या परिसराची माहिती गोळा करवली. दहा लाखांहून अधिक लोकांनी हातभार लावला आणि ते सारे लेझर तबकड्यांवर साठवले गेले. पंधराएक वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे मिळेनाशी झाली, माहिती सोडवून घ्यायला तज्ज्ञांना खटपट करावी लागली, आणि २०११ मध्ये ती पुन्हा लोकांसमोर आली. १०८६ चे चर्मपत्र मात्र आजही वाचता येते. मुलांचे काम संगणकावर जरूर ठेवावे, पण एक प्रत कागदावर, पेन्सिलीने लिहिलेल्या तारखेसह, संग्रहाच्या स्वाधीन करावी.

पाटीपेन्सिल

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस विचार करून आखणी जवळजवळ पुसूनच टाकली.

आता असे ठरवले आहे. ‘काल आणि आज’ हे शीर्षक गेले. पहिल्या आठवड्यात फक्त त्या हजेरीपटाच्या पानाची मूळ आकाराची प्रत, चार-चार मुलांच्या गटाला एक. कोणतीही प्रश्नपत्रिका नाही. मुलांनी ‘दिसते’, ‘वाटते’ आणि ‘माहीत नाही’ असे तीन रकाने स्वतः भरायचे. दुसऱ्या आठवड्यात त्याच वर्षाचा दुसरा कागद. शाळेची रोजनिशी सापडली तर उत्तम, नाहीतर त्या काळचा नकाशा, म्हणजे मुले किती अंतर चालून येत हे मोजता येईल. संग्रहाची भेट तिसऱ्या आठवड्यात, दहा-दहा मुलांच्या तुकड्यांनी, आणि तीही मुलांकडे स्वतःचे प्रश्न तयार झाल्यावरच. त्यापुढचे मी मुद्दामच कोरे ठेवले आहे. शंकासुर, वेळेचा तुमचा आक्षेप खरा ठरला : संग्रहात बसायला मला सुट्टीतले दोन दिवस द्यावे लागले, आणि ते कोणी भरून देणार नाही. पण गेल्या वर्षी चिठ्ठ्या कापण्यात आणि चहाचे कागद वाळवण्यात किती वेळ गेला, तो हिशेब मांडल्यावर फारशी तक्रार उरली नाही.

एका गोष्टीची मात्र धास्ती वाटते. त्या मुलाचे नाव का खोडले, याचे उत्तर वाईट निघाले तर? तो आजारात गेला असेल, नाहीतर घरच्यांनी कामाला धाडले असेल. शिवाय त्याच्या घरची माणसे आजही आसपास राहत असतील. नऊ वर्षांच्या मुलांसमोर हे कितपत न्यावे?

दप्तरखाना

धास्ती योग्य आहे, आणि तिची उत्तरे दोन आहेत.

घरच्यांविषयी आधी. संग्रहाचे नियम विचारून घ्यावेत. व्यक्तींची माहिती असलेले कागद बऱ्याच ठिकाणी ठरावीक मुदतीपर्यंत बंद ठेवतात. ब्रिटनमध्ये जनगणनेची पाने शंभर वर्षे उघडत नाहीत. १९२१ ची पाने म्हणूनच २०२२ मध्ये खुली झाली. तुमचा हजेरीपट त्याहून अलीकडचा असेल तर प्रतीवर आडनावे झाकावीत. मुलांना आडनावाची गरज नसते, पहिले नाव पुरते. शेरेही नीट तपासावेत. जुन्या नोंदवह्यांत मुलांच्या जातीविषयी, आजारांविषयी, वडिलांच्या व्यसनांविषयी असे काही लिहिलेले असते की ते आज कोणाच्याही पणतवंडाला वर्गात ऐकावे लागू नये.

उत्तर वाईट निघण्याविषयी : तुम्ही आधी शोधून ठेवा. मुलांसाठी रहस्य असावे, शिक्षकासाठी नसावे. मृत्यूची नोंद सापडली तर ती लपवू नये आणि तिचे नाटकही करू नये. त्या मुलाला उद्देशून पत्र लिहा, त्याची भूमिका करा, असे काही नको. “तो आजारी पडला आणि पुन्हा शाळेत आला नाही” एवढे साधे वाक्य मुले पेलतात. मात्र माझा अनुभव सांगतो की लाल रेघेमागे बहुतेक वेळा मृत्यू नसतो. दुसऱ्या शाळेत नाव घातले, कुटुंब गाव सोडून गेले, सलग गैरहजेरीमुळे नाव कमी केले, अशीच कारणे अधिक निघतात. क्वचित तेच नाव तीन महिन्यांनी खाली, नव्या क्रमांकाने, पुन्हा लिहिलेले सापडते.

म्हणून एकच पान मागू नका, असे आता मीच माझे पहिले सांगणे बदलून म्हणतो. त्या वर्षाचे शेवटचे पानही मागून घ्या, आणि प्रत काढताना समासासकट काढायला सांगा. कारकून मंडळी महत्त्वाचे ते नेहमी समासात लिहितात.